ओर्म कुणाचा?

गावात एखादं पुस्तक आपण एकट्यानंच वाचलेलं असावं, यात वाटतं तेवढं सुख नाही. फ्रान्स बेंग्टसनची ‘द लाँग शिप्स’ ही व्हायकिंगांची जाडजूड कादंबरी मी निपाणीभर काखेत मारून हिंडलो. पण ‘अरे वा’ म्हणायलासुद्धा समोरच्यानं काहीतरी वाचलेलं लागतं. मग विद्वत्तेला गिऱ्हाईक तयार व्हावं म्हणून प्रत फिरवायला दिली. ज्यांना इंग्रजी जड, त्यांना तोंडी सांगितली, मीठमसाला लावून. आमच्याकडची माणसं ‘स्वामी’वर वाढलेली. त्यात रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे घरचेच. त्यामुळे ऐतिहासिक कादंबरीवर मत देणं हा इथं भावकीतला हक्क आहे.

पहिलं मत तंबाखूच्या वखारीतून आलं. “जहाजं घेऊन स्पेनपातूर गेले आणि तिथं गुलाम होऊन वल्ही मारत बसले. ह्यात सुटलं काय?” मी म्हटलं, नायक ओर्म पुढं तिथलाच सत्ताधीश असलेल्या अल्मन्सूरच्या पदरी राहतो, सोन्याची साखळी मिळवतो. “किती तोळ्याची?” मी विषय बदलला.

आक्काला ओर्म एकदम पसंत. एवढा धिप्पाड गडी, पण प्रकृतीची सतत धास्ती; जरा कुठं दुखलं की आपलं संपलंच. “हे मात्र खरं लिवलंय बघ. तुझ्या भावजींचं अगदी असंच.”

दुखण्यावरून आठवलं. या कादंबरीतला राजा हॅराल्ड ब्लूटूथ दातदुखीनं हैराण आहे. आणि आता जे सांगणार आहे ते मी कुणी न विचारता सांगतोच. १९९७ साली इंटेलचा जिम कार्डाक नावाचा इंजिनिअर हीच कादंबरी वाचत होता. डेन्मार्क एका छत्राखाली आणणाऱ्या या राजाचं नाव त्यानं यंत्रांना बिनतारी जोडणाऱ्या तंत्राला तात्पुरतं म्हणून सुचवलं, ते कायमचंच चिकटलं. मोबाईलवरचं ते चिन्हसुद्धा राजाच्या नावाची आद्याक्षरं, जुन्या रून लिपीतली, एकमेकांत गुंतवलेली. ही माहिती मी लग्नात दिली आहे, बसस्टँडवर दिली आहे, आणि एका मयताच्या घरी भजनाला स्पीकर जोडला जाईना तेव्हाही दिली आहे. वखारवाल्यानं चष्मा कपाळावर ढकलला, मोबाईलवरचं निळं चिन्ह नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाला, “राजा बरा हाय. पण भिंतीपलीकडं ह्याचं राज्य चालत न्हाई.”

मला खरं तर बेंग्टसनच्या कोरड्या विनोदावर बोलायचं होतं. मुंडकी उडाल्याचं हा माणूस पाऊसपाण्याच्या गप्पांसारखं सांगतो. दोन-चार वाक्यं घोटूनही ठेवली होती. ती इतिहासाच्या निवृत्त सरांनी वाया घालवली.

“ओर्म स्कोनेचा ना? मग तो डॅनिश की स्वीडिश?”

“सर, तेव्हा स्कोने डेन्मार्कच्या राजाचं. १६५८च्या तहात स्वीडनकडं गेलं.”

झालं! “म्हणजे आपलं १९५६. राज्यं पाडली तवा आमीबी असंच ह्या बाजूला आलो,” वखारवाला सरसावून बसला. महाजन आयोग, १९६७चा अहवाल, त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस, २००४पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा... ओर्म बिचारा वल्ही टाकून ऐकत राहिला. माझं डोकं सणकलं. जगातलं कुठलंही पुस्तक आणा, आमच्यात ते शेवटी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरच येऊन थांबतं.

त्या रागातच मी उरलेलं ज्ञान पाजळलं. स्वीडननं लुंडला १६६६ साली विद्यापीठ काढलं, ते स्कोनेची पोरं स्वीडिश वळणाची व्हावीत म्हणूनही. बेंग्टसन स्कोनेतच जन्मला, त्याच लुंडला शिकला, आणि लिहिलं ते स्वीडिशमध्ये.

सरांनी पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. “म्हणजे सगळं जिरलं की हो,” ते म्हणाले. थोड्या वेळानं, “पण पुस्तक झकास झालंय.” सरांचा नातू कन्नड शाळेत पहिला येतो. रात्री सर त्याला ‘श्रीमान योगी’ वाचून दाखवतात, कारण त्याला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र अडखळतो. घोटून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही मला तिथं वापरता येईना.

वखारवाल्यानंच सोडवलं. “आता जाणं-येणं कसं तिकडं?”

“२००० साली पूल झाला. स्कोनेतल्या माल्मोची माणसं रोज कोपनहेगनला कामाला जातात.”

“मग त्यात काय एवढं? आमची पोरं रोज देवचंद कॉलेजला महाराष्ट्रात जाऊन येत्यात, चालत. टोल हाय का पुलाला?”

“आहे. चांगला दणकून.”

कादंबरी खरी असल्याबद्दल त्याची खात्री पटली ती इथं. आता ती त्याच्या वखारीत आहे, आणि मागायला गेलं की चहा मिळतो.