सायलेन्सरच्या तिसऱ्या नटास अनावृत पत्र

प्रति,
सायलेन्सरच्या पुढच्या जोडावरील तिसरे नटमहोदय,
वास्तव्य : एका जुन्या डिझेल जीपगाडीच्या पोटाखाली, महाड, जिल्हा रायगड.

महोदय,

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत लोखंडाने गंजू नये अशी अपेक्षा धरणे मुळातच अव्यवहार्य असल्याने, आपण गंजलात याबद्दल प्रस्तुत पत्रात कोणतीही तक्रार नोंदविलेली नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो, महाबळेश्वरचे पठार त्याहूनही कितीतरी अधिक पाणी झेलून त्यातले काही सावित्रीच्या खोऱ्यात सोडून देते, आणि खालच्या अंगाने भरतीचे खारे पाणी खाडीतून महाडच्या दिशेने वर चढत राहते. अशा प्रदेशात फाटकाची कडी, कोयत्याचे पाते आणि कपाटातले कुलूपसुद्धा गंजत असताना गाडीखालच्या नटाने तेवढे निष्कलंक राहावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. आपल्यावरील आरोप गंजण्याचा नसून फसवणुकीचा आहे.

हे पत्र अनावृत असल्याने, म्हणजेच ते आपल्याखेरीज इतरांनीही वाचावे अशी अपेक्षा असल्याने, आपले स्थान थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इंजिनात जळलेल्या इंधनाचा धूर प्रथम मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या बिडाच्या ओतीव नळीत येतो. तिच्या तोंडाशी पुढच्या पाइपाची चकती तीन स्टडांवर, म्हणजे एका टोकाने बिडात कायमच्या रुतविलेल्या आणि दुसऱ्या टोकाला आटे असलेल्या बिनडोक्याच्या बोल्टांवर बसते. आणि त्या तीन स्टडांवरील तीन नटांपैकी तिसरे, इंजिनाच्या आतल्या बाजूचे, जेथे हात पोहोचतो पण पाना फिरवावयास जागा उरत नाही असे, आपण आहात. या पाइपाच्या पुढे आवाज मारणारा डबा आणि शेपटाचा पाइप येतो, आणि या सगळ्या लांबलचक सांगाड्याला व्यवहारात मिळून सायलेन्सरच म्हटले जाते.

डबा बहुधा आतूनच सडतो, ही गोष्ट गाडीमालकांना सहसा उशिरा कळते. एक लिटर डिझेल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होऊन वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी लांब पल्ल्याने धावली तर ती वाफ तापलेल्या डब्यातून निघून जाते, परंतु घर ते बाजारपेठ आणि बाजारपेठ ते एसटी स्टँड एवढ्याच आखूड फेऱ्या घडल्या तर डबा तापण्यापूर्वीच इंजिन बंद होते आणि ते पाणी तळाशी साचते. डिझेलमधील गंधकाची मर्यादा १ एप्रिल २०२० पासून देशभर दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणली गेली. त्याआधी वर्षानुवर्षे जाळलेल्या डिझेलमध्ये गंधक पुष्कळ अधिक होते आणि त्याचे सौम्य आम्ल साचलेल्या पाण्यात मिसळत होते. पाणी निथळण्यासाठी डब्याला ठेवलेले बारीक भोक येथील तांबड्या चिखलाने बुजते, तो भाग वेगळाच.

परिणामी डबा फुटला, गाडीचा आवाज पाण्याच्या पंपासारखा झाला आणि केबिनमध्ये धुराचा वास येऊ लागला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असणे बंधनकारक आहे, आणि फुटक्या सायलेन्सरचा धूर सडलेल्या पत्र्याच्या फटींतून आत शिरत असेल तर काचा लावलेल्या गाडीत तो जिवावर बेतू शकतो. यास्तव पावसाळ्यापूर्वी जुना सायलेन्सर काढून नवा बसविण्याचे काम घरच्या घरी, अंगणात, करावयाचे ठरले. चाकांना दगड लावले, गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी टेकूंवर घेतली, आणि इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. बाकीच्या मंडळींनी यथाशक्ती कुरकुर केली, परंतु मर्यादा पाळली : शेपटाच्या पाइपाची रबरी कडी साबणाच्या पाण्याने घसरून निघाली, मधला क्लॅम्प हातोडीच्या दोन फटक्यांत तुटून पडला, आणि डबा तर हात लागताच स्वतःहून दोन तुकड्यांत खाली आला. आपल्या शेजारच्या दोन नटांनी जे वर्तन केले, त्याची नोंद पुढे येईल.

आपले वर्तन असे. आदल्या संध्याकाळी आपणांस तारेच्या ब्रशाने घासून गंज सोडविणारे तेल पाजण्यात आले, सकाळी पुन्हा पाजण्यात आले, आणि त्यानंतर १३ नंबरची गोटी लांब दांड्यावर चढवून जोर लावण्यात आला. प्रथम आपण हलला नाहीत, आणि त्यात गैर काहीच नव्हते. दुसऱ्यांदा दांड्यावर पाइप चढवून जोर लावताच आपल्या बाजूने करकर असा तोच अस्सल, कोरडा, आश्वासक आवाज आला, जो जाम झालेला नट आपली जागा सोडताना येतो, ज्याची वाट गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाच्या कानांनी पाहिलेली असते, आणि जो ऐकून घरातील माणसांना चहा टाकण्यास सांगण्यात आले. गोटी फिरली, आणखी एक अष्टमांश वळसा फिरली. तथापि फिरत होती ती केवळ गोटी. आपण जागचे तसूभरही न हलता स्वतःचे सहाही कोपरे तिच्या आत झिजवून घेतले आणि षट्कोनाचे वाटोळे होऊन बसलात. जाम होणे हा पदार्थाचा धर्म आहे. पण सुटत असल्याचा आवाज काढून न सुटणे, माणसाला आणखी जोर लावावयास प्रवृत्त करणे, आणि त्या जोरातूनच स्वतःवरची पकड कायमची नाहीशी करणे, हा निव्वळ हरामखोरपणा आहे, आणि पत्राची भाषा ग्रांथिक ठेवण्याचा कितीही निर्धार असला तरी याला दुसरा शब्द नाही. यानंतर १३ ची गोटी आपल्यावर भिंगरीसारखी फिरते, १२ ची बसत नाही, आणि १२ ची हातोडीने ठोकून बसविण्याचा जो सर्वमान्य तोडगा आहे तो करावयास आपल्या कोपऱ्यात हातोडी उगारण्याइतकी जागाच नाही. डोळ्यांत गंजाची पूड, कोपराला इंजिनाचे काळे, आणि थंड होत चाललेला चहा एवढीच त्या सकाळची प्राप्ती होय.

आपल्या बचावार्थ जे म्हणता येईल तेही नोंदविले पाहिजे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो; नट आणि स्टड यांच्या आट्यांमधील केसाएवढ्या फटीत तो वाढला की पाचर मारल्याप्रमाणे दोघांना आतूनच आवळून धरतो, आणि म्हणून जुना नट घट्ट आवळलेला नसतानाही सुटत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढणारी भरलेली डिझेल गाडी घ्यावी : तिचा मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांपर्यंत तापतो, आणि जुलैत रस्त्यावर उतरलेल्या धबधब्यातून ती गेली की त्याच तापलेल्या जोडावर थंड पाण्याचा सपकारा बसतो. बीड आणि पोलाद तापण्या-निवण्याच्या या खेळात एकाच मापाने फुगत नाहीत. प्रत्येक फेरीत ते एकमेकांना सूक्ष्मपणे ओढतात, फट उघडते, पाणी आत जाते, फट मिटते. ही शिक्षा आपण वर्षानुवर्षे भोगली, हे मान्य.

परंतु शेजारच्या दोन नटांनीही तीच भोगली, आणि ते दोघे साध्या रिंग पान्याला सुटले. वर साचलेला काळा थर ब्रशाने निघताच त्यांचा रंग पिवळा दिसला. ते पितळेचे होते, आणि हा योगायोग नव्हे. मॅनिफोल्डच्या स्टडांवर पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट बसविण्याची पद्धत फार जुनी आहे, कारण पितळाला लोखंडासारखा गंज चढत नाही आणि ते मऊ असल्याने पुढेमागे बळ लावावे लागले तरी आटे त्याचे जातात, स्टडाचे नव्हे. आपण मात्र साध्या लोखंडाचे आहात. याचा अर्थ असा की आपण या जागेचे मूळ धनी नाहीत. मूळ नट केव्हातरी हरवला आणि कोणा अज्ञात हाताने, तांब्याच्या ग्रीसचे बोटही न लावता, आपणांस येथे चढवून दिले.

संतापाचा रोख या ठिकाणी आपल्यावरून त्या हाताकडे वळावा हे स्वाभाविक होते, आणि तो काही काळ वळलाही. काही रुपयांच्या पितळी नटासाठी पुढच्या माणसाला रडविणाऱ्या कारागिराविषयी या पत्रात एक स्वतंत्र परिच्छेद योजलेला होता. तो गाळण्याचे कारण आपल्या वरच्या बाजूला सापडले. चकतीच्या वरच्या खाचेत, जेथे रस्त्याचा चिखल सहसा पोहोचत नाही तेथे, बारीक पोताचा गाळ सुकून विटेसारखा घट्ट बसलेला होता, आणि आपल्यातून बाहेर आलेल्या स्टडाच्या टोकाभोवती तोच गाळ होता, मात्र आपल्या खाली, चकती आणि नट यांच्या मध्ये, तो दाबला जाऊन पापुद्र्यासारखा उरला होता. म्हणजे गाळ आधी आला आणि आपण नंतर आलात. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, गाड्या बुडाल्या, आणि पाणी ओसरल्यावर दुकानांतील माल गाळात रुतलेला होता. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि पोलादपूरच्या डोंगरातही दरडींनी माणसे नेली. त्या आठवड्यांत ज्याने कोणी ही जीप गाळातून काढून खोलली, धुतली आणि पुन्हा चालती केली, त्याने तिसऱ्या स्टडासाठी पितळी नट शोधीत बसावयास हवे होते, असे म्हणण्याचे धाडस होत नाही. आटे जुळणारा एक नट त्याच्या हाती लागला आणि गाडी सुरू झाली. त्या दिवसांत चालती गाडी म्हणजे पाण्याचे कॅन, धान्य आणि माणसे वाहून नेणारी गाडी होती. आपण तात्पुरते म्हणून बसविले गेलात आणि नंतर कोणीही आपणांस बदलावयास आले नाही. तात्पुरत्या गोष्टींचे कोकणात असेच होते, हे मुंबई-गोवा महामार्गावरील वळणरस्त्यांनी पुरेसे सिद्ध केले आहे.

एवढे कळल्यानंतरही चहाच्या वेळी काढलेला तो आवाज क्षम्य ठरत नाही. म्हणून पुढील कार्यक्रम आपणांस रीतसर कळविण्यात येत आहे. प्रथम गॅसच्या बारीक ज्योतीने केवळ आपणांस तापविले जाईल, कारण नट स्टडाच्या आधी फुगला तर गंजाची पकड मोडते. जवळच्या डिझेलच्या नळीवर पत्र्याचा आडोसा आणि ओले फडके असेल. ज्योत बाजूला घेऊन, स्टडाच्या टोकाला मेणबत्ती टेकवून वितळलेले मेण आट्यांत शोषू दिले जाईल. त्यानेही आपण बधला नाहीत तर लहान ग्राइंडरने आपल्या एका अंगाला उभी चीर पाडून, तीत छिनी घालून आपणांस उकलले जाईल, मात्र पाते आट्यांना लागण्यापूर्वीच थांबविले जाईल, कारण स्टड तुटून बिडात राहिला तर तो ड्रिलने पोखरून काढण्याचे काम घरच्या घरी होण्याजोगे नाही. रिकाम्या झालेल्या जागी पितळी नट तांब्याच्या ग्रीससह बसेल. हे सर्व येत्या रविवारी सकाळी होईल; त्या वेळी वीज गेल्यास आपणांस पुढील रविवारपर्यंत मुदतवाढ मिळाली असे समजावे, परंतु मृग लागल्यानंतर अंगणात घोटाभर पाणी साचत असल्याने तिसरी मुदत देता येणार नाही.

कळावे.