हळद लागली, पण लग्नाची नव्हे

न्युरेंबर्ग, १० जुलै २०२४

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना सा. नमस्कार.

रविवारी रात्री फोनवर आईंनी विचारलं, ‘अगं, पहिला आला का?’ आणि मी ‘आला, आला’ म्हणून फोन ठेवला. त्यातलं ‘आला’ एवढंच खरं. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण फोनवर तुमचे चिरंजीव शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतात.

यांची शर्यत झाली ती इथून पंचवीसेक किलोमीटरवर. गावाचं नाव रोट. मारुतीला चढवतात तो नव्हे. आप्पांना समजेल असं सांगायचं तर आधी कालव्यात ३.८ किलोमीटर पोहायचं. बाहेर निघालं की अंगही न पुसता सायकलवर बसायचं आणि हिंगोलीहून औंढा, वसमत करत नांदेड गाठून त्याच वाटेने परत यायचं, म्हणजे १८०च्या घरात. सायकल टेकवली की पळत औंढ्याकडे निघायचं, नागनाथाला बाहेरूनच हात जोडायचे आणि माघारी वळून ४२ किलोमीटर भरेपर्यंत पळत राहायचं. हे सगळं एकाच दिवशी, पंधरा तासांच्या आत. तेही एसटीचा संप नसताना.

शिवाय याचे पैसे ते आपल्याला देत नाहीत, आपण त्यांना देतो. किती, ते कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. एवढंच सांगते की त्यात दोन एकर सोयाबीनचं बियाणं, खत आणि फवारणी निघाली असती. आणि तरीही नोंदणी उघडली की मिनिटभरात जागा संपतात.

हे खूळ १९७८चं. हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातले एक गृहस्थ होते. पोहणारा जास्त दमाचा, सायकलवाला की पळणारा, असा वाद निघाला आणि त्यांनी तिन्ही शर्यती एकाला एक जोडून टाकल्या. पंधरा जण निघाले, बारा पोचले. दुसरा आला त्याच्याजवळचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा सोबतच्यांनी त्याला बिअर पाजली म्हणे. आपल्याकडे असले वाद पारावर निघतात आणि चहावर मिटतात.

आमच्या घरात हे शिरलं मिलिंद सोमणमुळे. त्याने २०१५ साली झुरिकला एवढ्याच अंतराची शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. यांचं म्हणणं, आपण तर बेचाळीसचेच! सोमणमध्ये आणि आपल्यात वयाखेरीजही काही फरक असू शकतो, हे मी आरशाकडे बोट दाखवून सुचवलं होतं. उपयोग झाला नाही. वर्षभर सायकल दिवाणखान्यात आणि मी बाल्कनीत. हिवाळ्यात तर ती एका स्टँडवर चढवून हे चार-चार तास जागच्या जागी दामटायचे. घाण्याच्या बैलाच्या फिरण्यातून तेल तरी निघतं.

आता हळदीचं. पाण्यात घालायचा रबरी पोशाख मानेला घासतो, साल निघते. इथले लोक व्हॅसलीन लावतात. मी म्हटलं, घरात वसमतची हळद असताना व्हॅसलीन कशाला? खोबरेल तेलात कालवून गळाभर चोपडली. पहाटे तिथे जमलेले साडेतीन हजार लोक आणि त्यांत हा एकच नवरदेव. आकाशात गरम हवेचे फुगे चढत होते आणि काठावर तोफ उडत होती. एका बाराला एक टोळी पाण्यात. आमची टोळी ७ वाजून ३५ मिनिटांनी सुटली. वरून बघितलं तर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी डोकी नुसती, त्यांत आपला दाणा कोणता ते कळेना.

कालवा मात्र बघण्यासारखा, आप्पा. माइन आणि डॅन्यूब या दोन नद्या जोडणारा, १७१ किलोमीटरचा, १९९२ साली पुरा झालेला. त्यात मालबोटी चालतात. त्या सकाळी त्यांना थांबवून ठेवतात. सिद्धेश्वरच्या कालव्यासारखी पाळीची वाट बघावी लागत नाही. आखाड्यावरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं एक तास बावन्न मिनिटांनी काठाला लागलं. लग्नात मुंडावळ्या बांधून घ्यायला यांना पाऊण तास लागला होता. इथे सहा मिनिटांत कपडे बदलून सायकलवर.

सोलारर बर्ग नावाचा एक चढ आहे. दोन्ही बाजूंनी माणसं इतकी आत सरकलेली की सायकलला हातभर वाट. शेगावची पालखी नर्सीला येते तेव्हाची गर्दी डोळ्यांपुढे आणा, फक्त टाळांऐवजी गाईंच्या गळ्यातल्या घंटा. तुमची नात ‘विठ्ठल, विठ्ठल’ ओरडायला लागली. शेजारच्या आजोबांना वाटलं, हे खेळाडूचं नाव. मग तेही ‘विटाल! विटाल!’ म्हणून येईल त्याला प्रोत्साहन देऊ लागले. दोन वाजायच्या आत बातमी आली की पहिला, डेन्मार्कचा माग्नुस डिट्लेव्ह, ७ तास २३ मिनिटांत सगळं उरकून मोकळा झाला. तोवर रोटला एवढ्या लवकर कुणी केलं नव्हतं. आमची तेव्हा सायकलची दुसरी फेरी नुकती लागली होती. पुढे एकर्समुहलेन गावात रस्त्याकडेला लांबच लांब बाकं टाकून लोक बिअर पीत बसतात. आपण तिथे थांबलो नाही, असं यांचं म्हणणं आहे.

पळताना एकतिसाव्या किलोमीटरला हे कालव्याकाठच्या एका बाकड्यावर बसले. बुटांतून पाणी, ओठांना मीठ, मान पिवळी. हातात अर्धं केळं होतं. ते खायचं असतं हे विसरल्यासारखे त्याच्याकडे बघत होते. मी हळूच विचारलं, ‘घरी जायचं का?’ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पैसे भरलेत ना.’ आणि उठले. आप्पा, तुमचाच मुलगा.

१४ तास २३ मिनिटं. आपलं आडनाव त्या निवेदकाने असं उच्चारलं की मला वाटलं दुसरंच कुणी आलंय, म्हणून मी टाळ्याही उशिरा वाजवल्या. नंतर आतषबाजी झाली. यांनी ती गवतावर आडवं पडून, डोळे मिटून बघितली. पदक गणपतीच्या फोटोला घातलंय. परवापासून जिना उलटे उतरतात. आईंनी बोललेला अभिषेक करून टाका, पण पाय दुखायचे थांबावेत म्हणून वेगळं काही बोलू नका. ते थांबले की पुन्हा सुरुवात होईल.

रबरी पोशाख भाड्याचा होता. त्याची कॉलर कायमची पिवळी झाली आणि अनामत गेली. हळदही संपली, कुणी येणार असेल तर किलोभर पाठवा.

डिसेंबरात आम्ही येतोय. हिंगोली-नांदेड-हिंगोली प्रत्यक्षात करून बघायचं, असं कालपासून चाललंय. तेव्हा आप्पा, ओसरीवरच्या ॲटलसची हवा सोडून ठेवा, आणि पंप आत्याबाईंकडे पाठवून द्या.

तुमची सून