हेलिकॉप्टरातून हवामानचिंता

दर शरद ऋतूत अमेरिकेत नवे स्की-चित्रपट येतात आणि मसाला बहुधा तोच असतो: अलास्कातले चुगाच पर्वत, हेलिकॉप्टर, स्लो मोशनमध्ये उडणारा भुसभुशीत बर्फ आणि शेवटी वितळत्या हिमनद्यांबद्दल गहिवर. शिखरापर्यंत जाळलेल्या इंधनाचे नाव मात्र श्रेयनामावलीत नसते. अशा उतारांवर पोचायला दुसरा मार्गच नाही, हा ठरलेला बचाव. पण जेरेमी जोन्सने २०१० च्या ‘डीपर’मध्ये पायी डोंगर चढून स्नोबोर्डिंग केले, २०११ च्या ‘ऑल.आय.कॅन’मधला खूप गाजलेला तुकडा तर जे. पी. ऑक्लेरने ब्रिटिश कोलंबियातल्या साध्या गल्ल्यांमधून स्की करत रंगवला. प्रेक्षकांना भव्यता हवी, हे मान्य. पण भव्यता डोंगराची असते, पंख्याची नव्हे. हेलिकॉप्टर ठेवायचेच असेल, तर निदान प्रवचन तरी गाळा.