अथ मोबाईलध्वनिवर्धनविधी

नाशकात संकल्प सोडल्याशिवाय कोणताही विधी सुरू होत नाही, तेव्हा आधी संकल्प. फोनचा आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून वाढवायचा, की चारचौघांना? दोन्हींचे विधी वेगळे आहेत.

पहिला इतका सोपा आहे, की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मऊ, कोरडा ब्रश घ्या आणि स्पीकरच्या जाळीवरून हलक्या हाताने फिरवा. खिशातले कापसाचे तंतू, रस्त्याची धूळ, क्वचित मिसळीचा मसाला असं काय काय बाहेर येईल. टाचणी टोचू नका, जाळीमागचा पडदा फाटतो. एमजी रोडवरचा कारागीरही बहुधा हेच करतो. फक्त तो फोन पडद्याआड नेतो आणि गंभीर चेहऱ्याने परत आणतो. पैसे त्या चेहऱ्याचे.

दुसऱ्या हेतूसाठी मात्र गुप्त मार्ग. मीडियाटेकची चिप असलेल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत 'इंजिनिअर मोड' नावाचं गर्भगृह असतं. डायलपॅडवर स्टार, हॅश, स्टार, हॅश, मग ३६४६६३३, मग हॅश, स्टार, हॅश, स्टार. शेवटचा स्टार पडला की दार आपोआप उघडतं. नाही उघडलं तर कंपनीने कुलूप घातलंय असं समजा आणि ब्रशाकडे वळा. उघडलंच, तर जुन्या फोनांत हार्डवेअर टेस्टिंग, तिथून ऑडिओ, तिथून लाऊडस्पीकर मोड. इथे सोवळं एकच: मूळ आकडे कागदावर उतरवून ठेवायचे. हे सोवळं कोणीही पाळत नाही. आकड्याची मर्यादा २५५ दिसली, की भक्त थेट २५५ टाकतो.

पुढे काय होतं? स्पीकर नखाएवढा, त्याचा पडदा हलून हलून हलणार किती! कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे शक्ती दहापट. ती त्या नखातून निघत नाही. मग आवाज फाटतो, भीमपलास पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा ऐकू येतो, आणि आतली कॉइल तापून एक दिवस कायमचं मौन धरते.

शिवाय स्पर्धा कुणाशी, हेही पाहा. ज्या गावाच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथे तुम्ही रिंगटोन घेऊन उतरताय. ढोलाला गुप्त सेटिंग नसतं, दंड असतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवून दिले आहेत. मिरवणुकीच्या दिवशी हे ढोलाला सांगून पाहा. कानात सांगावं लागेल.

एक अपवाद राहिला. पंचवटी एक्सप्रेस कसारा घाटात शिरली, बोगदा आला, रेंज गेली, की 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' हा भाग प्रवाशाने स्वतःच्या घशानेच करायचा असतो. त्याचा आकडा कोणत्याही मोडमध्ये सापडत नाही, आणि कमी तर मुळीच करता येत नाही.