‘घ्यायचाच आहे तर चांगला घ्या!’ : जाणकार भाऊंना अनावृत पत्र

प्रति,
मा. जाणकार भाऊ
(कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारे),
प्रत्येक गल्ली, प्रत्येक भाऊबंदकी,
जिल्हा जळगाव व धुळे.

विषय : आपल्या सल्ल्याने घरोघरी आलेल्या लॅपटॉपांबाबत.

संदर्भ : आपले तोंडी आदेश. (लग्नाच्या पंगतीत, दशक्रियेच्या मंडपात व व्हॉट्सअ‍ॅपवर वेळोवेळी दिलेले.)

महोदय,

सर्वप्रथम आपल्या निःस्वार्थ सेवेबद्दल समस्त खानदेशातर्फे आभार. हल्ली लोक मुलीसाठी स्थळ ॲपवर बघतात, घराचा नकाशा यूट्यूब बघून ठरवतात. पण लॅपटॉप घ्यायचा म्हटला, की आपल्याला फोन केल्याशिवाय कोणी पाकिटाला हात लावत नाही. आपण कोणाचे पुतणे असता, कोणाचे मेव्हणे, तर कोणाच्या मुलाचे पुण्यात नोकरीला असलेले मित्र. जळगावच्या गोलाणी मार्केटपर्यंत सोबत येण्याची आपली फी एक कप चहा. बदल्यात आपण एकच वाक्य देता आणि ते मोडायची छाती आजवर कोणाला झालेली नाही : ‘घ्यायचाच आहे तर चांगला घ्या ना!’

या वाक्याने काय काय घडवलं, त्याचा अहवाल सविनय सादर करतो.

यावल तालुक्यात आमच्या अप्पांची केळीची बाग आहे. स्वतःच्या गरजा त्यांनी आपणांस स्वच्छ सांगितल्या होत्या. सातबारा आणि आठ-अ बघायचा, बुऱ्हाणपूरचा केळीचा भाव बघायचा, फळपीक विम्याचा अर्ज भरायचा, ठिबकच्या अनुदानाची कागदं महाडीबीटीवर चढवायची आणि रात्री जेवणं झाली की पुण्याच्या नातीशी व्हिडिओवर बोलायचं. हे सगळं ऐकून आपण क्षणभर डोळे मिटलेत आणि म्हणालात, ‘अप्पा, फ्यूचरचा विचार करा.’ अप्पांचं वय बहात्तर. फ्यूचरचा विचार करून त्यांनी गेमिंग लॅपटॉप घेतला.

लॅपटॉप अडीच किलोचा, अडॅप्टरचं वजन निराळं. बटणांखाली लाल, हिरवे, निळे दिवे. आत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, ज्याला सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यापलीकडे काही रंगवायची संधी अजून मिळालेली नाही. अडॅप्टर दोनशे वॅटच्या घरातला. तो पुरता ओढायला लागला, तर तेवढ्या विजेत घरातले दोन पंखे आणि वर दिवे निघतात. त्यामुळे लाइट गेली, की इन्व्हर्टरवर पंखे ठेवायचे की लॅपटॉप, यावर घरात मतदान होतं. पंखे दर वेळी निवडून येतात. आणि बॅटरी? लांबलचक अर्ज पुरा होईपर्यंत ती साथ देईल, अशी खात्री अप्पाही देत नाहीत.

‘मले त निसता सातबारा पाह्याचा व्हता, भो,’ असं अप्पा शेवटी आपल्याला म्हणाले. त्यावर ‘रॅम वाढवून घ्या’ हे आपलं उत्तर आमच्या भाऊबंदकीत अजून सांगितलं जातं.

हवामानाकडेही आपलं बारीक लक्ष असेलच. बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत छापलेलं असतं. ३५ अंश म्हणजे आपल्याकडे थंडी संपल्याची खूण. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास खेळतो. केळीची निदान सोय आहे : पारा ठरल्या मर्यादेच्या वर ठरलेले दिवस राहिला, तर हवामानावर आधारित विम्यातून भरपाई मिळते. लॅपटॉपसाठी सरकारने अजून अशी योजना काढलेली नाही.

अशा हवेत मोठं यंत्र पंखा गरगरवत बाहेरची धूळ आत ओढतं, आणि धुळीची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. छोट्या लॅपटॉपांतल्या सहा वॅटच्या प्रोसेसरला बऱ्याचदा पंखाच नसतो. फार तापला तर तो आपला वेग आपणच कमी करतो, दुपारी एक ते चार खानदेशी माणूस करतो तेच. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, सदा चार्जिंगला लावून ठेवायचा असेल तर ऐंशी टक्क्यांवर थांबायची सेटिंग असते ती लावा, या तीन वाक्यांनी अप्पांची बॅटरी जास्त टिकली असती. पण तेवढ्या वेळात आपण त्यांना दिव्यांचे रंग कसे बदलायचे ते शिकवत होतात.

आता आपल्या दुसऱ्या अवताराकडे वळतो. माणूस तोच, फक्त समोरच्याचं बजेट ऐकलं की सल्ला उलटा फिरतो : ‘मॅडमना काय लागतं? ब्राउझर तर चालवायचाय. सगळ्यात स्वस्त घ्या!’

आमच्या वहिनी साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांनी आपल्या आदेशावरून ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीचा लॅपटॉप घेतला. विंडोज ११ची किमान अट नेमकी तेवढीच आहे, हे खरं. ती अट फक्त यंत्र सुरू होण्यापुरती असते, एवढं सांगायचं राहून गेलं. एका संध्याकाळी वहिनींनी शाळेची माहिती भरायचं यूडायस प्लसचं पान उघडलं. शेजारी एक्सेलमध्ये मुलांची यादी होती, आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवर केंद्रप्रमुखांचा निरोप, ‘माहिती आजच भरावी’. विद्यार्थ्याचं नाव टाइप केलं, तर पडदा कोराच. मग दम खाऊन चार अक्षरं उमटली, त्यातलं एक दोनदा. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरावर. तेवढ्यात कोपऱ्यातून पाटी आली : अपडेटसाठी जागा अपुरी आहे. चौसष्टातली निम्मी जागा विंडोजनेच धरलेली, उरलेलीत स्वातंत्र्यदिनाचे फोटो. आणि ही साठवण बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असल्यामुळे काढून मोठी बसवायची सोय नाही. ‘आते काय करानं, भाऊ?’ असं वहिनींनी फोनवर विचारलं. आपण म्हणालात, ‘रीस्टार्ट करून बघा.’

ज्या दुकानातून वहिनींनी लॅपटॉप घेतला (नावात काय आहे?) तिथे विंडोजचं ‘लॉक काढायचे’ आणि ‘मराठी टाकायचे’ वेगळे पैसे लागले. ते लॉक म्हणजे एस मोड. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप्स चढतात, आणि तो स्टोअरमधूनच फुकट काढता येतो. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये कधीचा आहे. उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड २०१९पासून तिथेच आलाय. भाषेच्या सेटिंगमध्ये जायचं आणि मराठी निवडायची, संपलं काम. हे आपणांस ठाऊक नव्हतं, असं म्हणायची माझी काय बिशाद! आपण त्या वेळी दुकानदाराने मागवलेला चहा घेत होतात, एवढंच.

महोदय, आपल्याला न विचारता साधी माणसं कॉम्प्युटर वापरतील, असा डाव जगात फार वर्षांपासून शिजतोय, याची कृपया नोंद घ्यावी. निकोलस निग्रोपाँटी नावाच्या गृहस्थांनी २००५मध्ये गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप जाहीर केला. तो शंभराचा म्हणता म्हणता दोनशेच्या घरात गेला. पण पडदा भर उन्हात वाचता येईल असा आणि कीबोर्ड धूळ आत जाणार नाही असा. ही यंत्रं भारतात पहिल्यांदा २००७मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावच्या शाळेत आली. तिथल्या लहान पोरांनी, एकाही जाणकार भाऊचा सल्ला न घेता, ती चालवली. त्याच वर्षी आसूसचा सात इंची ‘ई पीसी’ बाजारात आला. साठवण अवघी ४ जीबी, आत लिनक्स. ‘हे काय खेळणं!’ म्हणणारे होतेच. पाठोपाठ बड्या बड्या कंपन्यांनी तसलीच खेळणी काढली.

उलटंही घडलं. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेटचा मोठा समारंभ झाला. तिथे किंमत आधी ठरली आणि त्या किमतीत काय बसतंय ते नंतर बघितलं गेलं. २५६ एमबी रॅममध्ये आकाश कितीसं मावणार? २०२३मध्ये १६,४९९ रुपयांचा, किलोच्या आतला जिओबुक आला, तेव्हाही आपल्या दोन्ही अवतारांनी आपापली वाक्यं म्हटली : एकाने ‘डबा आहे’, दुसऱ्याने ‘डोळे मिटून घ्या’. हा घेऊन करायचं काय, हे दोघांनीही विचारलं नाही.

फार लांब कशाला जा? धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या त्या लोकवर्गणीतून. मूळचे धुळ्याचे, अमेरिकेत नोकरीला असलेले हर्षल विभांडिक यांनी पुढाकार घेतला, थोडे पैसे त्यांनी घातले आणि मोठा वाटा गावागावांनी उचलला. वर्गणी काढणारं गाव पहिला प्रश्न काय विचारतं? ‘याने पोरांचं काय होणार?’ ज्याच्या खिशातून पैसा जातो, तो हाच प्रश्न विचारतो. आपल्या खिशातून जात नाही, म्हणून आपल्याला तो सुचत नाही, असा आरोप मी करणार नाही. वाचकांनी करावा.

आता जळगावकरांना कळेल अशा भाषेत बोलतो. सराफात जाऊन ‘सोनं द्या’ म्हणून कोणी पैसे मोजत नाही. कॅरेट विचारतो, हॉलमार्क बघतो. लॅपटॉप घेताना मात्र ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर आपण मान डोलावता. भाऊ, त्याचं कॅरेट पुढच्या आकड्यात असतं. ‘आय-फाइव्ह ६३००यू’ म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची. ‘आय-फाइव्ह १२३५यू’ म्हणजे बारावी, २०२२ची. सेकंडहँड बाजारात ऑफिसांमधून निघालेल्या जुन्या लॅपटॉपांना पॉलिश करून ‘आय-सेव्हन, कंपनी माल’ म्हणून मांडतात. त्यातले कित्येक यंत्र म्हणून मजबूत असतात, घ्यायला हरकत नाही. पण इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची असेल, तरच विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. आणि विंडोज १०चं नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलंय. त्याहून जुना लॅपटॉप हाती आला, तर त्यावर लिनक्स टाकून मेल, बँक, सातबारा सुखाने होतो. कोणी टाकून दिलं तर, अर्थात. ते कोणी टाकायचं, हे या पत्राच्या माथ्यावर लिहिलेलंच आहे.

निष्पक्षपणे सांगतो, मोठं यंत्र लागणारी माणसंही आपल्याकडे आहेत. शिरपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतणीला ऑटोकॅड चालवायचंय, लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या पोराला ग्राफिक्स कार्ड खरंच लागतं; त्यांना खुशाल महागडा घ्यायला लावा. धुळ्याच्या बाजार समितीतल्या अडत्याला टॅली हवं, टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराला डिजिटल सहीचा पेन ड्राइव्ह. त्यांना स्वस्त म्हणून क्रोमबुक गळ्यात मारू नका, तिथे विंडोजच लागेल. पण अप्पांना आणि वहिनींना? ८ जीबी रॅम, २५६ जीबीचा खरा एसएसडी, एन-१०० सारखा चार कोअरचा साधा प्रोसेसर किंवा अलीकडचा आय-थ्री, आणि चौदा इंची फुल एचडी पडदा. अकरा इंची झोळीत मावतो खरा, पण त्याच्यावर सातबाऱ्याचे उजवीकडचे रकाने गायब होतात आणि साठीच्या डोळ्यांना चष्म्यावर चष्मा लागतो. वजन दीड किलोच्या आत, अडॅप्टर पंचेचाळीस ते पासष्ट वॅटचा. अप्पांच्या दिव्यांच्या निम्म्याहून कमी पैशांत हे सगळं झालं असतं आणि उरलेल्यात ठिबकच्या नळ्या आल्या असत्या.

सबब खालीलप्रमाणे नम्र मागण्या :

१) यापुढे आपण कोणताही आकडा उच्चारण्यापूर्वी समोरच्याकडून ‘रोज काय करता?’ याची यादी कागदावर घ्यावी.

२) ‘फ्यूचर’ हा शब्द पन्नाशीपुढच्या गिऱ्हाइकासमोर वापरू नये. वापरल्यास त्या फ्यूचरमधलं एक तरी काम नावासकट सांगावं.

३) रॅम आणि एसएसडी नंतर बदलता येतात की बोर्डावरच पक्के आहेत, हे बिल फाडण्यापूर्वी विचारावं. दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

४) कंपनीचं सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की लॅपटॉप नाशिकला धाडावा लागणार, हे आधी पाहावं. नाशिकला गेलेला लॅपटॉप कधी येईल, याचं उत्तर आपणही देऊ शकत नाही.

५) घरी न्यायच्या आत, दुकानातच, मराठीत एक अर्ज टाइप करून दाखवावा आणि त्याच वेळी तीन-चार पानं उघडी ठेवून यंत्र धापा टाकतं का ते बघावं.

या मागण्या मान्य न झाल्यास आम्ही थेट दुकानात जाऊन स्वतःच निर्णय घेऊ, याची गंभीर नोंद घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
एक साधा वापरकर्ता

प्रत माहितीस्तव :
१) सर्व लॅपटॉप विक्रेते. (चहा मागवताना जाणकार भाऊंसोबत गिऱ्हाइकालाही विचारावा.)
२) सर्व केंद्रप्रमुख. (‘आजच’ या शब्दाचा फेरविचार व्हावा.)

ता. क. : घरात प्रिंटर घ्यायचं चाललंय. आपण रविवारी मोकळे आहात का? आल्या आल्या ‘महिन्याला किती पानं छापता?’ असं विचारलंत, तर शेवभाजी-भाकरी आमच्याकडे. नाही विचारलंत, तर चहा आहेच.