दोराचं खालचं टोक

रत्नदुर्गाच्या कड्यावर सराव सुरू झाला की सगळ्यांचे डोळे वर चढणाऱ्यावर. बापूकाका खाली असतात, कमरेला हार्नेस आणि मुठीत दोर. ते बिले देतात, म्हणजे वरचा सुटलाच तर त्याला दोरावर तोलून धरतात. स्वतः चढताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही.

बाजारात काका दिसले की ओळखीची माणसं गल्ली बदलतात. कड्यावरचा श्रोता जाणार कुठे?

"काका, टाइट!"

"घेतलं हो. आत्याच्या सातबाऱ्याचं काय झालं रे?"

"काका, पाय थरथरतोय!"

"थरथरणारच. सकाळी चार घास मऊभात खाऊन यावं. तर सातबारा..."

रत्नागिरीचा दगडही त्यांना सामील. वर जांभा, त्याच्याखाली काळा कातळ. जांभ्याला भोकं हवी तेवढी. पण भरवशाची म्हणून धरावी तीच खाच हातात येते. म्हणून पोरं ठोकून, चाचपून, सावकाश चढतात आणि काकांचा विषय निवांत पुढे सरकतो. हापूसच्या दिवसांत तर विचारूच नका. पोर ओव्हरहँगखाली घामाघूम झालं की काका भाव सांगतात. वरून "घेतो, दोन पेट्या घेतो!" असं कित्येकदा ऐकू आलंय.

एकदा वाक्याच्या मध्यातच पोराची पकड सुटली. दोर ताणला, काका वीतभर उचलले गेले, पोर जागच्या जागी लोंबकळलं. काकांचा उजवा हात दोरावरून हलला नाही आणि वाक्यही तुटलं नाही.

२०२१ साली टोकियोत क्लाइंबिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. लीडच्या फेऱ्या काकांनी दोर धरणाऱ्याकडेच बघत पाहिल्या. स्पीडच्या पंधरा मीटर भिंतीवर मात्र दोर यंत्र सांभाळतं, हे कळल्यावर त्यांची जेवणावरची वासना उडाली.

"यंत्र! त्याला मेल्याला चौकशी तरी करता येते काय?"

परवा एक पोर उतरलं आणि गाठ सोडून जे पळालं, ते थेट भगवतीच्या देवळाकडे. काकांनी पुढच्याची आठाची गाठ ओढून पाहिली, कॅराबिनरचा स्क्रू घट्ट फिरवला. "काय रे, लग्नाचं कुठवर आलं?"

"काका, आज मी नुसतं रॅपलिंग करतो."

"कर की. खालून दोर मीच धरतो."