बाबा, हे मखर नाही!

विनिपेग, कॅनडा

तीर्थरूप बाबांस,


नव्या घराचे फोटो पाहून तुम्ही ग्रुपवर "घर बांधतोयस की गणपतीचं मखर?" असं विचारलंत. त्यावर आत्याने हसरे चेहरे टाकले, म्हणून हा खुलासा. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली आणि आपलं कार्टं त्यातच संसार थाटतंय, ही तुमची अडचण मला कळते.

पण थर्माकोल हा नुसता साचा आहे. आपल्याकडे सेंट्रिंगवाला प्लेटा लावतो आणि काम झालं की काढून नेतो. इथे साचा भिंतीतच राहतो. पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, दोन्ही अंगांना अडीच-अडीच इंच फोम (तोच थर्माकोल), मधल्या सहा इंचांत सळई आणि त्यात पंपाने काँक्रीट. एकदम ओतलं तर ठोकळा फुटून काँक्रीट अंगणात येतं, म्हणून तीन-चार फुटांचे थर देत जायचं. आमचा ठेकेदार पंजाबी आहे. "टेन्शन नहीं लेना जी" असं तो म्हणाला, की नागपूरकर असल्याने मी लगेच टेन्शन घेतो.

तुम्हाला सगळ्यात खटकेल ते हे, की तराई नाही! फोममुळे काँक्रीटचा ओलावा आतच टिकतो. हुडकेश्वरचं घर बांधताना सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट पटणार नाही, ठाऊक आहे.

आईला सांगा, आजोबांचा फोटो भिंतीवर लागेल. फोम उघडा ठेवला तर आगीचा धोका, म्हणून आतून जिप्सम बोर्ड लावावाच लागतो. स्क्रू ठोकळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवायचा. खिळा मात्र तिने वरवंट्याने ठोकू नये.

इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची असतात. आम्ही हा जरा महागडा नाद केला, कारण जानेवारीत पारा उणे तिसाच्याही खाली जातो आणि वारा भिंतीच्या फटी शोधत फिरतो. जमीन मात्र माहेरची वाटावी अशी. विनिपेगची चिकणमाती आपल्या काळ्या मातीसारखीच पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. पाया नीट नसेल तर भिंतीला भेगा, तिथेही आणि इथेही.

आता तुमचा खरा प्रश्न. वरचा मजला चढवताना हेच ठोकळे मागवू का? नका मागवू. आमचा शत्रू बाजूने येतो, तुमचा डोक्यावरून. नागपूर २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेअखेरीस भरदुपारी सूर्य थेट स्लॅबवर असतो. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला गेला होता, आठवतं? २०२४ च्या मेमध्ये एका यंत्राने ५६ दाखवलं, हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण तुम्हाला सेन्सरचंच खरं वाटलं. अशा उन्हात भिंती कितीही भारी केल्या आणि स्लॅब उघडा ठेवला, तर रात्री छत तापलेलंच राहणार. शिवाय उधळीला फोममधून वाट काढायला फार सोपं जातं, आणि ती दिसतही नाही.

तेव्हा भिंतींना कोराडी वीज केंद्राच्या राखेच्या विटा किंवा हलके एएसी ब्लॉक पुरेत. पश्चिमेची भिंत जाड घ्या, खिडक्यांवर छज्जा मोठा काढा. वाचलेले पैसे गच्चीवर घाला. स्लॅबवर इन्सुलेशनचा थर, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि वर पांढऱ्या टाइल्स. तेवढं जमत नसेल तर निदान चुन्याचे दोन हात मार्चच्या आत मारून घ्या.

आणि थर्माकोलचं बोलणं आत्यापुढे पुन्हा काढू नका.

कळावे,
आपला आज्ञाधारक,
धाकटा